जुना ट्रक परत रस्त्यावर आणायचाय? मग आधी चासीखाली शिरा

प्रश्न : आमच्या आजोबांचा डिझेल ट्रक कितीतरी वर्षं शेडमधे उभा आहे, शेवटचा कधी चालू केला ते घरात कुणालाच नक्की आठवत नाही. मला तो नुसता बघायला ठेवायचा नाहीये, चालवायचाय. एका मेकॅनिकनं सांगितलं बॅटरी लावून सेल्फ मारू, इंजिन लागलं की डेंटिंग पेंटिंग करून टाकू. दुसरा म्हणतो इंजिनच बदला. सुरुवात कुठून करू?

उत्तर : हात जोडून सांगतो, सेल्फ मारू देऊ नका. इंजिन वर्षानुवर्षं उभं राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल उतरून जातं, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात हवेतला ओलावा शिरतो आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकल्यात तिथेच लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंज धरतो. अशात सेल्फचा झटका बसला की रिंग तुटते, लायनरवर ओरखडे पडतात, आणि थोड्या धीरानं वाचलं असतं ते इंजिन पूर्ण खोलायची वेळ येते.

त्यापेक्षा डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमधे गंज सोडवणारं पातळ तेल थोडं थोडं सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या, मधेमधे परत घाला. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हातानंच, आधी किंचित इकडे, मग किंचित तिकडे. हलत नसेल तर जोर वाढवू नका, दिवस वाढवा. फिरायला लागलं की नोझल बाहेर असतानाच भरपूर फिरवून आतलं तेल बाहेर पडू द्या, कारण ते पिस्टनच्या डोक्यावर साठून राहिलं तर दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, उघडून गाळ साफ, ऑइल नवीन, टाकीतलं शिळं डिझेल काढून टाकी धुवा, फिल्टर बदला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे दाब किती तयार होतो ते, मोजा. एवढं झाल्यावरच इंजिन ठेवायचं की नाही हे ठरवता येतं, त्याच्या आधी कुणी बदला म्हणत असेल तर त्यानं ते तपासलेलंच नाही. आणि माझं विचाराल तर मूळ इंजिन दुरुस्त होण्यासारखं असेल तर तेच ठेवा. दुसरं बसवलं की गिअरबॉक्सची जोडणी, माउंटिंग, रेडिएटर, पुढच्या एक्सलवरचं वजन सगळंच बदलतं, वर कागदपत्रांचं काम वेगळं.

पण खरं तर इंजिन ही दुसरी पायरी आहे. लोक इंजिनचा आवाज ऐकायला इतके आतुर असतात की चासी तशीच राहते. ट्रकचा सगळा भार तिच्यावर असतो, तीच गंजानं खाल्लेली असेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात. चांगला टॉर्च घेऊन खाली शिरा, चिखल खरवडून काढा आणि छोट्या हातोडीनं दोन्ही लांब रेल पुढून मागे ठोकत या. चांगलं पोलाद खणखणीत वाजतं, खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो. जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतात तिथे जास्त बघा, म्हणजे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ, दोन रेल जोडणाऱ्या आडव्या क्रॉस मेंबरच्या टोकाशी. तिथे पाणी मधे शिरतं, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते त्यामुळे तो आतून फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून उचलले जातात, कधीकधी रिव्हेटचं डोकं उडतं. वरून रंग मारलेला असेल तर फक्त एक लांबट फुगवटा दिसतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून देणारा माणूस भेटला तर ट्रक तिथून काढा.

चासी सरळ आहे का हे बघायला मोठं मशीन लागत नाही. ट्रक सपाट जमिनीवर उभा करा, डाव्या उजव्या रेलवर सारख्या जागेचे चार पॉइंट धरा, उदाहरणार्थ पाट्यांच्या पिना, प्रत्येकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खूण करा. मग तिरपी मापं घ्या, पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही जुळली तर चासी काटकोनात आहे. फरक आला तर दुसरे चार पॉइंट घेऊन परत मोजा, तरी फरक राहिला तर ते चासीचंच काम करणाऱ्याकडे द्या. रेलच्या वरच्या खालच्या कडेला मनानं भोक पाडू नका की वेल्डिंग मारू नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो, तडा तिथूनच जातो. वेल्डिंग कुठलंही असो, बॅटरी सोडवून ठेवा, आणि डिझेलची टाकी रिकामी दिसते म्हणून तिला वेल्डिंग करू नका, आत वाफ असते.

मग ब्रेक. तुमच्या ट्रकला हायड्रॉलिक ब्रेक असतील तर पेडल घट्ट लागतंय यावर विश्वास नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यानं पाइप आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि ऑइल कमी तापमानाला उकळायला लागतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, ओलावा घेतलेल्यासाठी तीच हद्द १४० वर आहे. लांब उतारावर हा फरक जिवावर येतो. म्हणून रबर किट, होजपाइप, लोखंडी लाइन सगळं नवीन, पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर खोलूनच बघायचा. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमधे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बांधा. स्टिअरिंगचे जॉइंट आणि किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) सैलपणा याच वेळी बघून घ्या.

सुटा केलेला प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो, नट बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर कुठून काढले ते लिहिलेलं. कंटाळवाणं आहे, पण जोडणी करताना हेच कामी येतं. रंग सगळ्यात शेवटी.

प्रश्न : जुन्या ट्रकचे टायर नक्षीला भरपूर आहेत, तेच ठेवले तर चालेल?

उत्तर : नाही. नक्षी बघू नका, टायरच्या बाजूच्या भिंतीवर DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटचे आकडे बघा. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. न चालवताही रबर कडक होतं, आतले थर सुटतात. आणि रिम तुकड्यांची, लॉक रिंगवाली असेल तर चाकाचा नट सैल करायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा, मागे जोडचाक असेल तर आतल्या बाहेरच्या दोन्हींची. हवा असताना रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो. अशा रिमच्या टायरमधे हवा, ती भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा असलेल्या ठिकाणीच भरून घ्या, घरी अजिबात नाही.

प्रश्न : मूळ रंग कुठला होता कळत नाही, कितीतरी वेळा रंगवलाय. सगळं घासून टाकू का?

उत्तर : थांबा थोडं. डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या खाली, नंबर प्लेटच्या मागे बघा, तिथे बहुतेक वेळा पहिला रंग तसाच असतो. नसेल तर दारावर नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं पाणी घेऊन घासत जा, मधे जास्त आणि कडेला कमी, मग एकेक थर गोल रेषांसारखा उघडतो आणि मधोमध प्रायमरला चिकटलेला रंग बहुतेक कंपनीचा. त्यावर दुकानातलं शेडकार्ड उन्हात धरून जुळवा, ट्यूबलाइटखाली नको. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि हार्डनर घालून मारायचा टू-के रंग देणार असाल तर साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं बाधतं, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क आणि बूथ ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच मारून घ्या. दारावर हातानं लिहिलेलं जुनं नाव वगैरे निघालं तर तेवढा भाग न घासता ठेवा, नवीन रंग त्याच्या कडेपर्यंत आणता येतो, पेंटरला आधीच सांगून ठेवा.