भुंकणारा कुत्रा आणि सोसायटीची नोटीस

प्रश्न : आम्ही दोघे नोकरीवर गेल्यावर आमचा कुत्रा दुपारभर भुंकतो, अशी शेजारच्या काकूंची तक्रार आहे. आता सोसायटीने महिन्याभरात त्याला अन्यत्र हलवण्याची नोटीस दिली आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हेही त्यासाठी पुरेसे कारण ठरत नाही, मात्र शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी मालकाने घ्यावी, असेही त्याच सूचना सांगतात, आणि हा भाग श्वानप्रेमी मंडळी सोयीस्करपणे विसरतात. नोटिशीला लेखी उत्तर द्या, पण आधी काकूंना भेटा आणि तो नेमका कधी भुंकतो, ते विचारा.

घरात जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. तुम्ही कुलूप लावताच तो रडू लागत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. त्यासाठी त्याला आधी दोन-चार मिनिटे, मग हळूहळू अधिक वेळ एकटे ठेवण्याची सवय लावावी लागते, आणि भीती तीव्र असल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. लिफ्टच्या किंवा जिन्यातल्या पावलांच्या आवाजाने तो भुंकत असेल, तर मात्र काम सोपे आहे : त्याचे अंथरूण दारापासून आतल्या खोलीत हलवा, सकाळी भरपूर फिरवून आणा आणि जाताना खाऊ भरलेले खेळणे द्या. ओरडणे, मारणे किंवा बांधून ठेवणे यांनी भुंकणे बहुधा वाढतेच.