रिकामा रकाना भरू नका: सामायिक डॅशबोर्डबाबत एक अनुभव

विमानतळावरील सर्व यंत्रणा विमाने निघण्याच्या वेळा ज्यावर पाहतात, त्या सामायिक डॅशबोर्डबाबत आपण विचारले आहे. ‘डॅशबोर्डवर विमान सज्ज दिसते, प्रत्यक्षात मात्र त्याचा दरवाजाही लागलेला नसतो’ हे आपल्या प्रश्नातील वाक्य वाचले आणि आमच्या विमानतळावरील पहिले वर्ष आठवले. टीओबीटी म्हणजे विमान स्टँडवरून (उभे राहण्याच्या जागेवरून) निघण्यास सज्ज होईल ती वेळ, आणि टीसॅट म्हणजे त्याला इंजिन सुरू करण्याची परवानगी मिळण्याची अपेक्षित वेळ. आता थेट मुद्द्यावर येतो.

सर्वांत महागात पडलेली चूक माझीच होती. ग्राउंड हँडलिंगकडून (विमानाची जमिनीवरील कामे पाहणाऱ्यांकडून) टीओबीटी आली नसेल, तर रकाना रिकामा दिसू नये म्हणून आम्ही तेथे फ्लाइट प्लॅनमधील ईओबीटी (आधीच कळवलेली निघण्याची अंदाजित वेळ) भरत होतो, तीही त्याच रंगात आणि त्याच ठशात. टीसॅटचा क्रम लावणारी प्रणाली ती वेळ खरी धरी. परिणामी सज्ज नसलेल्या विमानाला पाळी मिळे आणि सज्ज असलेले स्टँडवर खोळंबून राही. मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, अशी वाया गेलेली पाळी सहसा भरून निघत नाही. महिनाभरात सर्वजण पुन्हा फोनवर विचारू लागले.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. परंतु पडद्याचा नमुना ‘मंजूर’ असल्याचे सांगून एका कार्यालयाने, ज्याचे नाव घेत नाही, ती सात महिने अडवली. रिकामे रकाने वरिष्ठांना दाखवताना बरे दिसत नाहीत, हे खरे कारण मला तोंडीच कळले. लेखी कोणी दिले नाही.

माझे मत स्पष्ट आहे: टीओबीटी न येणे हीसुद्धा माहितीच असते, आणि ती झाकू नये. प्रत्येक वेळेशेजारी ती कोणी व किती मिनिटांपूर्वी दिली हे दिसावे. टीओबीटी बदलण्याचा अधिकार विमान कंपनीकडे किंवा तिच्या हँडलिंग एजंटकडेच असावा. युरोकंट्रोल या युरोपातील हवाई वाहतूक संस्थेच्या पद्धतीत विमानाच्या प्रवासाचे १६ टप्पे आहेत म्हणून ते सगळे एकाच पडद्यावर कोंबू नयेत. अर्थात हा एकाच विमानतळाचा अनुभव आहे. आपल्याकडील स्थानिक कार्यपद्धती वेगळी असल्यास तीच प्रमाण मानावी.

जाता जाता, तारखेकडेही लक्ष द्यावे. फ्लाइट प्लॅन यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतो आणि आपली तारीख यूटीसीच्या १८:३० वाजताच बदलते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर एक वाजता निघणारे विमान आमच्या यादीत आदल्या दिवसाखाली जाऊन बसत असे, आणि रॅम्पवरील (विमाने उभी असतात त्या आवारातील) मंडळी ते शोधत राहत.