मान विसरा, दात बघा

प्रश्न : शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या शिवाथेरियम या नामशेष प्राण्याचं चित्र पाहिलं. आखूड मान, रुंद शिंगं, दांडगं शरीर. हा जिराफाच्या कुळातला कसा? आणि खरा जिराफ भारतात कधी होता का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बाजारात शेळी घेताना खालचे दात बघून ती दोनदाती की चारदाती ते ठरवतात. त्या पुढच्या आठ दातांतले कडेचे दोन खरं तर सुळे, पण दिसायला इतरांसारखेच. जिराफाच्या कुळात हाच सुळा टोकाला दुभंगून दोन पाकळ्यांचा होतो. काँगोच्या जंगलातल्या ओकापीचाही तसाच. आज जिराफाचा जिवंत भाऊबंद तेवढा एकच, आणि मान त्याचीही आखूडच! दुसरी खूण शिंगांची. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, जिराफाची जन्मभर टिकतात. शिवाथेरियमला त्यांच्या दोन जोड्या होत्या. डोळ्यांवर लहान, शंकूसारखी. मागची मोठी, पसरट.

त्याचं वर्णन १८३६ साली केलं ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी. फाल्कनर डॉक्टर, सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख. कॉटली कालव्यांचा इंजिनिअर. गंगेचा कालवा पुढे त्यानेच काढला. या जोडीला प्राणी हत्तीच्या मापाचा वाटला होता. २०१६ साली हाडांवरून संगणकावर शरीर उभं केलं, तेव्हा वजन निघालं साधारण १२०० किलो, म्हणजे आजच्या मोठ्या जिराफ नराएवढं. शंकराच्या नावाला तेही कमी नाही.

वर्गात मी एवढंच घोकून घ्यायचो : लांब मान ही या कुळाची खूण नव्हे, एका शाखेची उशिराची करामत. मणके सगळ्यांना सातच. लांबला तो एकेक मणका. ग्रीसच्या सामोस बेटावरून नाव मिळालेल्या सामोथेरियम या कुळातल्याच नामशेष प्राण्याची मान साधारण मीटरभर होती, ओकापी आणि जिराफ यांच्या मधली. खंबातच्या आखातातल्या पिरम बेटावर ब्रह्माथेरियम सापडला, तो मात्र शिवाथेरियमच्या जवळचा.

तुमचा दुसरा प्रश्न. होय, खरा जिराफही होता. शिवालिकमध्येच त्याच्या मानेचा एक मणका मिळाला आणि फाल्कनर-कॉटलींनी तोही नोंदवला. त्या मणक्यावरून अलीकडे हिशेब मांडला गेला : मान दीड मीटरच्या आत, उंची चार मीटरच्या आसपास. आफ्रिकेतल्या आजच्या जिराफापेक्षा थोडा बुटकाच.