वराहाचं 'लांछन' देवाला लागत नाही

साक्री तालुक्यातल्या एका वाचकाची शंका आहे: बळसाण्याच्या जैन मंदिरातल्या विमलनाथांचं 'लांछन' वराह, असं कानावर आलं. तीर्थंकराला कसलं लांछन? 'बोधचिन्ह' म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. बोधचिन्ह संमेलनांना आणि स्पर्धांना असतं. दोष वाचकाचाही नाही म्हणा, जो उठतो तो 'लांछनास्पद प्रकार' म्हणून ओरडतो, मग शब्दाचा दुसरा अर्थ कानी पडणार कधी?

लांछन म्हणजे ओळखीची खूण. ऋषभनाथांचा बैल, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह, तसा विमलनाथांचा वराह. राजघराण्यांचंही तेच. बदामीचे चालुक्य ताम्रपटांत तोऱ्यात सांगतात, की नारायणाच्या कृपेनं मिळालेलं आमचं वराहलांछन नुसतं दिसलं तरी बाकीचे राजे वश होतात. हे स्वतःची बदनामी करताहेत असं कोण म्हणेल? गोव्याच्या कदंबांचा थाट तर दुहेरी: ध्वजावर वानर, लांछन सिंह. तिथं 'बोधचिन्ह' घालून बघा, दोन्ही प्राण्यांचा एकच लगदा होईल.

आता खरी गंमत. लांछन म्हणजे प्राकृताच्या घरी राहून आलेलं 'लक्षण'च, असं माझं ठाम मत. प्राकृतात क्ष चा छ होतो, लक्ष्मीची लच्छी होते. आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही लच्छीरामाला विचारा. काही पंडित लाञ्छ् हा स्वतंत्र धातू मानतात आणि धातुपाठाकडे, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या जुन्या यादीकडे, बोट दाखवतात. पण धातुपाठ त्याचा अर्थ काय देतो? 'लक्षणे', म्हणजे खूण करणे या अर्थी! अर्थ तोच, तोंडवळा तोच, तरी नातं नाही म्हणे.

मग खुणेचा डाग कसा झाला? गुराढोरांना डागण्या देत, त्यावरून, असं एक स्पष्टीकरण ऐकवतात. मला ते पटत नाही. डागलेलं जनावर मालकाचं ठरतं, बदनाम ठरत नाही. माझा संशय चंद्रातल्या सशावर आहे. संस्कृतात चंद्र शशलांछन, मृगलांछन. पांढऱ्याशुभ्र बिंबावरची ती एकच खूण काळी, आणि तिलाच कवींनी कलंकही म्हटलं. कलंकाच्या संगतीत लांछन बिघडलं. विमलनाथांच्या वराहाचा यात काडीचा दोष नाही.

आणि ते 'लांच्छन' लिहिणं तेवढं थांबवा. अनुस्वारापुढचा तो च फुकटचा आहे.