इन्शुलिनची लाल टोपी

‘ताई, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. रात्री वॉर्डात १४ पेशंट आणि मी एकटी. परवा लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० वालं इन्शुलिन भरलं. द्यायच्या आधी शंका आली म्हणून सीनिअर सिस्टरना विचारलं. त्या नातेवाइकांसमोरच ओरडल्या, “तीन वर्षं काय शिकलात?” तेव्हापासून सुई धरली की हात थरथरतो. गावी निघून जावंसं वाटतं, पण बाबांनी माझ्या फीसाठी कर्ज काढलंय.’

बाळ,

तुझ्या पत्रातले चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले : ‘द्यायच्या आधी शंका आली’. लाल टोपीची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्शुलिनची, १०० वाल्याची नारिंगी. लाल टोपीत १०० वालं भरलं की १० च्या खुणेवर २५ युनिट जातात. त्या माणसाची शुगर पहाटेपर्यंत धाडकन खाली आली असती. तू थांबलीस, विचारलंस, म्हणून त्याची सकाळ नेहमीसारखी झाली. त्याला हे कधी कळणार नाही. तुला मात्र कळायलाच हवं.

नातेवाइकांसमोर ओरडणं चूकच. पण त्या सिस्टरना टाळू नकोस. ड्युटी शांत असेल तेव्हा एवढंच म्हण, “सिस्टर, त्या रात्री विचारलं नसतं तर डोस चुकला असता. मी पुढेही विचारणार. फक्त पेशंटसमोर नका बोलू.” आवाज कापला तरी चालेल.

इन्शुलिन, रक्त पातळ करणारं हेपारिन, पोटॅशियम या तिन्हींना दुसऱ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, शेवटच्या दिवसापर्यंत शेजारच्या सिस्टरला औषधाची बाटली दाखवत होते. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हरही टेबलाशी उभं राहून घेऊ नकोस, प्रत्येक बेडपाशी जाऊन घे. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

आता त्या १४ पेशंटचं. मेडिकल कॉलेजचं नसलेल्या साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. तुझ्यावर जवळजवळ तिप्पट भार आहे, तोही चौथ्या महिन्यात, रात्री, एकटीवर. हात थरथरणारच गं! मॅट्रनना, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांना, लेखी अर्ज दे : निदान सहा महिने रात्री सोबत अनुभवी सिस्टर हवी. त्या इन्शुलिनची नोंदही इन्सिडंट फॉर्मवर, म्हणजे झालेल्या किंवा टळलेल्या चुका लिहायच्या फॉर्मवर, करून टाक. अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेव. महिनाभरात काहीच हाललं नाही, तर दुसरं हॉस्पिटल शोध, पण नर्सिंग सोडू नकोस. आणि राजीनाम्याचा विचार नाइट उतरल्या उतरल्या कधीच करायचा नाही. आधी झोप.

पहिल्या वर्षी मीही लिनन रूममध्ये चादरींच्या ढिगावर बसून रडले आहे. वॉर्डातल्या मावशी आल्या, चहाचा कप शेजारी ठेवला आणि बाहेरून दार ओढून घेतलं. दहा मिनिटं त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही. तुझ्या वॉर्डातही अशी एखादी मावशी असेल. नीट बघ.

आणि बाबांना फोन कर. कर्जाचं नको काढूस, त्या रात्री तू काय वाचवलंस ते सांग.

– ताई