घरामागच्या काळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की सरसकट काँक्रीट करावे?

आपण दिलेल्या माहितीनुसार घरामागे २० बाय १० फुटांची मोकळी जागा आहे, माती काळी आहे, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड आहे आणि बसण्या-उठण्यासाठी व वाळवणासाठी तेथे पक्की जमीन हवी आहे. एक गवंडी चार इंच काँक्रीट ओतू म्हणतो, तर दुसरा मातीवर रेती अंथरून थेट पेव्हर ब्लॉक बसवू म्हणतो. बांधकामांवर देखरेख करणे हा माझा व्यवसाय आहे आणि या जागेसाठी मला दोघांचाही सल्ला अपुरा वाटतो. काँक्रीट कडेला आणि धुण्याच्या दगडाखाली असावे; उरलेल्या सर्व भागात मुरूम व खडीच्या दाबून बसवलेल्या थरावर ब्लॉक असावेत.

याचे कारण मातीत आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात अशा परसात भेगांमध्ये हाताची बोटे सहज जातात. ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही. फरसबंदीच्या कडेजवळची ओल लवकर वाढते व लवकर उडते, मध्यभागातील ओल मात्र उशिरा बदलते, त्यामुळे वरच्या चार इंच काँक्रीटला कडांकडून उचलले जाणे व पुन्हा आधार सुटणे हे दरवर्षी सोसावे लागते आणि ते कोठेतरी तडकते. ब्लॉकची जमीन मात्र सांध्यांमधून थोडी वाकू शकते, आणि एखादा भाग बसलाच तर तेवढेच ब्लॉक काढून खाली खडी भरता येते. शिवाय घरामागून सांडपाण्याचा पाइप जात असेल तर तो कधी ना कधी उघडावा लागणारच. तरीही सलग काँक्रीटच हवे असेल, तर ते १:२:४ (सिमेंट, रेती, खडी) प्रमाणाचे करावे आणि मध्यावर सांधा सोडून १० बाय १० फुटांचे दोन भाग पाडावेत. सांधा आपण दिला नाही तर तडा स्वतःची जागा स्वतः निवडतो.

आता खोदकामाविषयी, कारण सर्वाधिक काटकसर येथेच केली जाते. सुमारे १७ इंच काळी माती काढून टाकावी. त्यात ९ इंच मुरूम, ४ इंच खडी व ग्रिट (बारीक खडी) यांचे मिश्रण, दीड इंच क्रश सँड (दगड दळून केलेली रेती) आणि त्यावर ६० मिलिमीटरचा ब्लॉक, असा हिशेब बसतो. मुरूम एकदम ओतून वरून धुमस मारण्यात अर्थ नाही. दाब फक्त वरच्या थरापर्यंत पोहोचतो. दोन-तीन थर करावेत, प्रत्येक थर मूठ वळेल इतका ओला करावा आणि भाड्याने मिळणाऱ्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा. दाबलेला मुरूम दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतो, म्हणून सैल मुरूम दोन ब्रास मागवावा. निघालेली काळी माती बाजूच्या वाफ्यात टाकता येईल, पण ती पुन्हा भरावात मिसळू देऊ नये.

हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या वेळी माती पूर्ण आकसलेली असते आणि तिच्यावर तयार केलेली जमीन पहिल्याच पावसाळ्यात खालून उचलली जाते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर, जमिनीत मध्यम ओल असताना काम करणे उत्तम.

पातळी ठरवताना तयार जमीन घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहील असे पाहावे, नाहीतर भिंतीला ओल चढते. उतार घरापासून बाहेरच्या दिशेने असावा. १० फुटांच्या रुंदीत दोन इंच पुरेसा आहे. पातळी पाण्याच्या नळीनेच तपासावी आणि नळीत हवेचा बुडबुडा नाही याची स्वतः खात्री करून घ्यावी. हा उतार मुरमाच्या थरापासूनच द्यायचा असतो. तो वरच्या रेतीची जाडी कमी-जास्त करून साधला, तर जेथे रेती जाड तेथे ब्लॉक खाली बसतात.

कडेसाठी सहा इंच रुंद व साधारण दहा इंच खोल काँक्रीटची पट्टी चारही बाजूंनी ओतावी. कडेला घट्ट आधार नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडे पडतात. उताराच्या खालच्या बाजूच्या पट्टीत रेतीच्या पातळीवर अर्धा इंची पाइपचे तुकडे ठेवून त्यांच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, म्हणजे मुरलेले पाणी बाहेर पडेल पण रेती जाणार नाही. धुण्याच्या दगडाभोवती चार बाय चार फूट काँक्रीट करून त्याचा उतार थेट चेंबरकडे द्यावा. साबणाचे पाणी रोज सांध्यांमध्ये गेले तर तेथील रेती टिकत नाही. हल्ली बहुधा पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंटच मिळते, तेव्हा या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारावे.

ब्लॉक निवडताना चकचकीत पृष्ठभागाला भुलू नये. रबरी साच्यातील गुळगुळीत ब्लॉक दुकानात देखणे दिसतात, परंतु घरामागच्या सावलीत त्यांच्यावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही. मशीनवर दाबून केलेला खरबरीत ब्लॉक घ्यावा. आयएस १५६५८ या मानकानुसार केवळ पायी वर्दळीसाठी ५० मिलिमीटर जाडीचा एम ३० ब्लॉक चालतो (एमपुढचा आकडा मोठा, तितका ब्लॉक मजबूत). मी ६० मिलिमीटरचा एम ३५ सुचवतो, कारण मोटारसायकल केव्हातरी तेथे येतेच. आठ बाय चार इंची ब्लॉक घेतल्यास पूर्ण २०० चौरस फुटांसाठी तुटफूट धरून सुमारे ९८० नग लागतील; काँक्रीटचा भाग वजा केल्यास त्याहून कमी. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहावेत. खणखणीत आवाज यावा, आणि एक फोडून आतली खडी सर्वत्र सारखी पसरली आहे का तेही पाहावे.

रेती पट्टीने एकसारखी ओढल्यानंतर तिच्यावर कोणालाही पाय ठेवू देऊ नये. कारागिराने बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकावे. सांधा दोन ते चार मिलिमीटरचा असावा. कडेला अगदी लहान तुकडे कोंबू नयेत. ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान तुकडा लागत असेल तर आधीच्या ओळीतील ब्लॉकही कापून दोन्ही तुकडे मोठे करावेत. झाडाच्या, विशेषतः शेवग्याच्या, बुंध्याभोवती दीड-दोन फूट माती उघडीच ठेवावी. कॉम्पॅक्टर एकदा फिरवावा, मग बारीक कोरडी रेती झाडूने सांध्यांत भरावी आणि पुन्हा फिरवावा.

या टप्प्यावर गवंडी बहुधा सांध्यांत सिमेंटची स्लरी ओतण्याचा आग्रह धरील, आणि काम अधिक पक्के होईल असे सांगेल. त्याला स्पष्ट नकार द्यावा. स्लरीमुळे ही जमीन पुन्हा सलग होते, मातीच्या हालचालीबरोबर सांधे तडकतात आणि पाइपसाठी ब्लॉक काढायचे झाल्यास ते फुटूनच निघतात. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्यांतील रेती थोडी खाली गेलेली दिसेल आणि मुंग्यांनीही काही वर काढलेली असेल. त्यासाठी दोन घमेली कोरडी रेती आधीच झाकून ठेवावी आणि पाऊस उघडल्यावर ती पुन्हा सांध्यांत भरावी.