खरेदीआधी मीटरपाशी दहा मिनिटे

ताई, आपण लिहिले आहे की दहिसरच्या आपल्या दोन बेडरूमच्या घरात चार माणसे आहेत, जानेवारीत २१० युनिटांचे आलेले बिल मे महिन्यात ४२० युनिटांवर गेले, मोबाईलचे चार्जर रोज आठवणीने काढून ठेवूनही काही फरक पडला नाही, आणि आता पंखे बदलावेत, फ्रिज नवा घ्यावा की गॅलरीत सोलर पॅनल बसवावे हे ठरत नाही. माझे उत्तर असे, की यांपैकी काहीही घेण्याआधी वीज नेमकी कोठे जाते ते मोजून पाहावे. अंदाजाने केलेल्या खर्चात पैसे जातात, वीज मात्र तशीच जळत राहते, हे मी आमच्या गोरेगावच्या सोसायटीत अनेक घरांत पाहिले आहे.

चार्जरचे आधी सांगतो, म्हणजे मनावरचे ते ओझे उतरेल. मोठ्या बॅटरीचा फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला दहा युनिटांच्या आतबाहेर वीज लागते आणि नुसता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर तर नगण्य वीज घेतो. घरात खरी वीज लागते ती एखादी गोष्ट तापवायला किंवा थंड करायला, आणि त्याखालोखाल जे यंत्र दिवसरात्र चालू असते त्याला.

आता मोजायचे कसे ते सांगतो. तळमजल्यावर जिन्याखालच्या मीटर रूममध्ये आपल्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकताना दिसेल आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असेल. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे १००० वॉटचे उपकरण एक तास चालवण्याइतकी वीज, खर्च होते. आकडा ३२०० असेल, तर मिनिटाला एकदा लुकलुकणे म्हणजे साधारण १९ वॉट आणि दहा वेळा म्हणजे १९० वॉट. वर घरात एकाने एकेक बटण बंद करावे आणि खाली दुसऱ्याने घड्याळ लावून मोजावे. फक्त फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना मिनिटाला पाच ते आठ वेळा दिवा लागेल. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालू असेल तर तो इतक्या भराभर लुकलुकेल की मोजणे अवघड जाईल.

आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा मुलगी वर फोन धरून उभी होती आणि मी खाली होतो. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही सगळे बंद केल्याचे तिने दोनदा सांगितले, तरी दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकतच राहिला. चार वेळा म्हणजे ७५ वॉट. शोधता शोधता सापडला तो माळ्याखालचा इन्व्हर्टर, जो आम्ही डोंबिवलीहून येताना सोबत आणला होता आणि ज्याची जुनी झालेली बॅटरी चोवीस तास चार्ज होत बसली होती. उरलेली वीज सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राऊटर घेत होते. ७५ वॉट महिनाभर चालले की ५४ युनिटे होतात. मुंबईत वीज जाणे इतके विरळ आहे की जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली तो १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस लोक अजून आठवतात, त्यामुळे आम्ही तो इन्व्हर्टर काढून टाकला आणि टीव्ही व सेट-टॉप बॉक्ससाठी एकच बटण असलेला बोर्ड लावला. आपल्याकडेही असे काही निघेल. सगळ्या घरांत काही ना काही निघतेच.

आपली वाढलेली २१० युनिटे मात्र बहुतांशी एसीची आहेत, असे मला वाटते. दीड टनाच्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना दीड हजार वॉटच्या आसपास वीज घेतो, आणि रात्रभरात तो पाच तास जरी चालला तरी सात ते आठ युनिटे होतात. महिन्याचा हिशेब तेथेच जुळतो. मुंबईच्या मे महिन्यात उष्म्यापेक्षा दमटपणा अधिक छळतो, घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो आणि आपण रिमोट १९ किंवा २० अंशांवर नेतो. खरे तर एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकते ते हवेतलेच असते, म्हणजे तो हवा कोरडी करण्याचे काम करतच असतो, आणि कोरडी झालेली हवा अंगावर फिरली की २६ अंशांतही बरे वाटते. म्हणून एसी २६ वर आणि पंखा मंद, अशी जोडी लावून आठ दिवस झोपून पाहावे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते, आणि जानेवारी २०२० पासून एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात तेही याच कारणाने. जाळी दर पंधरवड्याला धुवावी. एसीचे बाहेरचे यंत्र इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये असेल, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि मग कितीही पैसे मोजले तरी खोली थंड होत नाही. तसे असल्यास त्याची जागा बदलण्यावरचा खर्च मी सार्थ समजेन. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढला तरी उष्णता घरात आलेलीच असते.

पंख्यांच्या बाबतीत मात्र खरेदी करण्यासारखे आहे. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा, ३० वॉटच्या आसपास. तीन पंखे रोज बारा तास फिरत असतील तर महिन्याला पन्नासेक युनिटांचा फरक पडतो. सगळे एकदम बदलू नयेत. जो सर्वांत जास्त वेळ फिरतो, बहुधा हॉलमधला, तो आधी बदलावा. जुन्या रेग्युलेटरवर हे पंखे नीट चालत नाहीत, म्हणून वायरमनला रेग्युलेटर काढून साधे बटण बसवायला सांगावे.

फ्रिज चालतो आहे तोवर मी बदलणार नाही, पण दाराचे रबर पाहावे. पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते आणि ते सैल होते. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे आणि कागद ओढून पाहावा; अलगद निघाला तर थंड हवा दिवसरात्र बाहेर जाते आहे. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा वीजबचतीच्या ताऱ्यांच्या आधी लेबलवर छापलेली वर्षाची युनिटे वाचावीत, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि पाच तारे सगळ्या वर्षांचे सारखे नसतात. गीझरचा प्रश्न डिसेंबरात येईल. तेव्हा अंघोळीच्या दहा मिनिटे आधी लावून लगेच बंद करणे पुरेसे आहे.

एक बारकावा बिलातला. दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० पर्यंत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. आपली ३०० वरची १२० युनिटे आपल्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातली आहेत, आणि बचत होते ती वरूनच, म्हणून वाचवलेल्या पहिल्या शंभर युनिटांत पैसा अपेक्षेपेक्षा जास्त वाचतो. आणि एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण डहाणूच्या केंद्रासारखी कोळशावरची वीज अजून आपल्या तारांत मोठ्या प्रमाणावर आहे.

गॅलरीतल्या पॅनलबद्दल मी आग्रह करणार नाही. एक किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. गॅलरीत त्याचा लहानसा अंशही बसणार नाही. ती गोष्ट गच्चीची आहे आणि म्हणून सोसायटीची. पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांचे बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत विषय मांडण्याआधी जिन्यातल्या जुन्या ट्यूब मोजाव्यात. आमच्याकडे अशा बारा होत्या, चोकसह प्रत्येकी ५५ वॉटच्या, रात्रभर जळणाऱ्या; त्या जागी २० वॉटच्या एलईडी लावल्यावर महिन्याला दीडशे युनिटे कमी झाली. तो आकडा हातात असल्यामुळे सौरऊर्जेच्या ठरावाला पुढच्या सभेत कोणी विरोध केला नाही.

यजमान रोज मोटारीने अंधेरीला जातात, असे आपण ओघात लिहिले आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तीन युनिटांहून थोडा जास्त. महामार्गावरच्या गर्दीत जाऊन-येऊन दोन लिटर धरले, तर आठवड्यातून दोनच दिवस मेट्रोने किंवा लोकलने जाण्यात महिन्याची पन्नास युनिटे वाचवल्याइतके साधते. दहिसरहून गुंदवलीपर्यंत, म्हणजे अंधेरी पूर्वेपर्यंत, थेट मेट्रो आहे, त्यामुळे त्यांच्याशी हे बोलून पाहावे.

आता एवढे करा. सात दिवस रोज सकाळी सात वाजता आणि रात्री दहा वाजता मीटरवरचा आकडा वहीत लिहा, आणि एका रविवारी सगळे बंद करून लाल दिवा मिनिटाला किती वेळा लागतो ते मोजा. आकडे येथे कळवलेत तर रात्रीची वीज किती, दिवसाची किती आणि नकळत जाणारी किती हे वेगळे करून मी सांगेन, आणि मग पहिला पंखा घ्यायचा की आधी एसीच्या बाहेरच्या यंत्राचे पाहायचे ते ठरवता येईल.